कीर्तिमंदिरें आणि अनुपलब्धि : मानावल्यांतून सुटलेल्या क्रीडापटूंविषयीं कांहीं विचार

(१)

कोणतीही यादी हातीं आली म्हणजे तींत कोण आहे हें पाहणें सोपें असतें. कोण नाहीं, आणि कां नाहीं, हें ठरविणें कठीण असतें. ज्यांनीं सरंजामाच्या याद्या, जमाखर्चाचे बंद व वतनाच्या तंट्यांतील महजर चाळले आहेत त्यांस हा अनुभव नवा नाहीं. कागद ज्या कामासाठीं लिहिला गेला त्या कामापुरताच तो बोलतो. त्यापलीकडे तो मुका असतो. या मुकेपणास नकार समजणें हा नवशिक्या संशोधकाचा नेहमींचा प्रमाद होय.

हाच प्रमाद एका निराळ्या जातीच्या याद्यांच्या बाबतींत आज सर्रास घडत आहे, म्हणून हें टिपण. निवृत्त खेळाडूंच्या गौरवासाठीं निरनिराळ्या संस्थांनीं मानावल्या सिद्ध केल्या आहेत. त्यांस इंग्रजी वळणानें 'हॉल ऑफ फेम' म्हणतात. आम्ही येथें 'कीर्तिमंदिर' म्हणूं. त्यांच्या जोडीला सरकारी क्रीडापुरस्कारांच्या नामावल्याही आहेत. या सर्व मुळांत गौरवाचीं साधनें. परंतु आतां त्या इतिहासाचीं साधनें म्हणून वापरल्या जाऊं लागल्या आहेत. चरित्रलेखक त्यांवरून नोंदी घेतो, पाठ्यपुस्तककार त्यांवरून धडा निवडतो. आणि अमक्याचें नांव तेथें नाहीं, अर्थात् तो दुय्यम, असें अनुमान कोणीं मुद्दाम न काढतांही वाचकाच्या मनांत घर करून बसतें. पोथ्या व कागद जमविणारांचा मल्ल व चेंडूफळी यांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध साधनचिकित्सेचा आहे, आणि ती आमची नित्याचीच आहे.

शास्त्रकारांनीं या प्रश्नाचा विचार फार पूर्वीं करून ठेविला आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदांती 'अनुपलब्धि' हें अभावाचें ज्ञान करून देणारें स्वतंत्र प्रमाण मानितात. मात्र कोणतीही अनुपलब्धि प्रमाण होत नाहीं. ती 'योग्य' असावी लागते. प्रकाश आहे, डोळा उघडा आहे, भूमि मोकळी आहे, घट असता तर तो दिसलाच असता, आणि तरीही दिसत नाहीं, तेव्हां घटाचा अभाव सिद्ध होतो. काळोख्या खोलींत घट दिसला नाहीं एवढ्यावरून घट नाहीं असें म्हणतां येत नाहीं. कीर्तिमंदिरास हीच कसोटी लावावयाची : या खेळाडूच्या ठिकाणीं पात्रता असती तर त्याचें नांव या यादींत आलेंच असतें, अशी त्या यादीची रचना होती काय? होती, तर नांवाच्या अभावास कांहीं अर्थ आहे. नव्हती, तर तो अभाव खेळाडूविषयीं कांहींच सांगत नाहीं. तो यादीविषयीं सांगतो.

आमचें म्हणणें एवढेंच आहे. तें तीन उदाहरणांनीं दाखवितों. तिघांचाही महाराष्ट्राशीं निकट संबंध आहे. परंतु तिघांच्या वाटेंत आलेलें कारण निरनिराळें आहे. पहिल्याच्या बाबतींत माप आडवें आलें, दुसऱ्याच्या बाबतींत काळ, आणि तिसऱ्याच्या बाबतींत वर्ग.

(२)

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालीं धारवाडास एका चांभार कुटुंबांत झाला. वडील लष्करांत नोकरीस होते. पुण्यांत ते प्रथम पारशांच्या व नंतर युरोपियनांच्या क्लबांत मैदानाच्या कामावर होते. खेळपट्टी झाडावी, लाटावी, सरावाची जाळी बांधावी, आणि साहेबलोकांस खेळण्यासाठीं चेंडू टाकावेत, असें तें काम. डाव्या हातानें मंद गतीचा, फिरत जाणारा चेंडू टाकण्याची जी कला पुढें त्यांस इतकी साधली, ती या नोकरींतच मुरली. पुण्याच्या हिंदु संघानें त्यांस घेतलें तें बऱ्याच वादानंतर; आणि घेतल्यावरही मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू चाले, पण चहा मात्र पव्हेलियनच्या बाहेर, फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यांत मिळे.

१९०६ सालीं मुंबईस हिंदु संघानें युरोपियन संघाचा १०९ धावांनीं पराभव केला. त्या विजयांत बाळूंच्या गोलंदाजीचा वांटा मोठा होता, व त्यावरून जातिभेदाच्या प्रश्नाची चर्चा त्या वेळच्या सुधारकी पत्रांतूनही झाली. १९११ सालीं पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखालीं पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडास गेला. तो दौरा एकंदरींत पराभवाचाच झाला. तेवीस सामन्यांपैकीं सहाच जिंकतां आले. त्या पडत्या संघांत बाळूंनीं सर्व सामन्यांत मिळून ११४ गडी बाद केले, ते सरासरी १८.८४ धावांस एक या प्रमाणानें. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनीं एका डावांत १०३ धावा देऊन ८ गडी घेतले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांचाच हिशेब धरला तर त्यांच्या साऱ्या कारकीर्दींत सामने ३३, बळी १७९, आणि सरासरी १५.२१ अशी नोंद आहे.

इतकें असूनही हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस रीतसर कधीं मिळालें नाहीं. १९२० सालच्या चौरंगी सामन्यांच्या वेळीं त्यांस आरंभीं संघांतूनच वगळण्यांत आलें, तेव्हां त्यांचे बंधु शिवराम व विठ्ठल यांनीं निषेध म्हणून अंग काढून घेतलें. वाद वाढला, आणि मग बाळूंस उपकर्णधार म्हणून परत बोलावण्यांत आलें. १९२३ सालीं विठ्ठल हिंदु संघाचे कर्णधार झाले. बाळूंची खेळण्याची उमेद तोंवर सरली होती. ते ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईस वारले.

आतां कीर्तिमंदिराकडे वळूं. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनें आपलें कीर्तिमंदिर २००९ सालीं स्थापिलें. आरंभींच्या ५५ नांवांत बिशनसिंग बेदी, सुनील गावसकर व कपिल देव हीं तीन भारतीय नांवें होतीं. पुढें २०२१ सालीं परिषदेनें पूर्वकालीन खेळाडूंसाठीं एक विशेष तुकडी काढली. क्रिकेटच्या इतिहासाचे पांच कालखंड पाडून प्रत्येकांतून दोन नांवें घेतलीं. पैकीं पहिला कालखंड १९१८ पूर्वींचा, म्हणजे नेमका बाळूंचा. त्या खंडांतून दक्षिण आफ्रिकेचे ऑब्रे फॉकनर व ऑस्ट्रेलियाचे माँटी नोबल हे निवडले गेले. दोघांच्याही पात्रतेविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, शोधणारांनीं बाळूंच्या काळांत डोकावूनही बाळू त्यांस दिसणें शक्य नव्हतें. कारण डोकावण्याची खिडकी 'कसोटी सामना' ही होती, आणि भारताचा पहिला कसोटी सामना २५ जून १९३२ रोजीं लॉर्ड्सवर सुरू झाला. त्या दिवशीं बाळूंचें वय ५६ वर्षांचें होतें.

येथें कोणी म्हणेल, माप तें माप; कसोटी न खेळलेल्यास कसोटीच्या मापानें कसें मोजावें? प्रश्न रास्त आहे. पण त्या मापाचीही चिकित्सा केली पाहिजे. १८८८-८९ सालीं एक इंग्रज संघ दक्षिण आफ्रिकेंत खेळला. त्या सामन्यांस 'कसोटी' हें नांव खेळतेवेळीं नव्हतें, तें मागाहून लावण्यांत आलें. १८७७ च्या मेलबर्न येथील सामन्याचीही गोष्ट तीच. म्हणजे 'कसोटी' हा शब्द मूळ कागदावरचा नव्हे. तो पुढच्या लेखकानें समासांत घातलेला आहे, आणि पुढें समासांतला शब्द संहितेंत शिरला. ज्या देशांच्या क्रिकेटची वंशावळ लिहावयास मागाहून लेखक मिळाले, त्यांच्या जुन्या सामन्यांस हें नांव लाभलें. १९११ च्या भारतीय दौऱ्यास तें लाभलें नाहीं. पोथीशास्त्र जाणणारांस यांतील मर्म अधिक सांगावयास नको.

मात्र एक भेद स्पष्ट ठेविला पाहिजे. बाळूंस कर्णधारपद न मिळणें व त्यांचें नांव कीर्तिमंदिरांत नसणें, या दोन गोष्टी एकाच अन्यायाचीं दोन रूपें म्हणून सांगण्याची चाल पडूं पाहत आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. पहिली गोष्ट माणसांनीं समोरासमोर, नांव ठाऊक असतां, पात्रता मान्य असतां केली. तींत जातीचा आडपडदा होता हें उघड आहे. दुसरींत कोणीं त्यांस नाकारलें असें नाहीं. त्यांचें नांव विचारार्थ समोर येण्याची सोयच नव्हती. पहिलीस अन्याय म्हणावें; दुसरीस अंधार म्हणावें. दोहोंस एकच नांव दिलें म्हणजे पहिलीची धार बोथट होते आणि दुसरीचा उपाय सुचत नाहीं.

तुलनेसाठीं विनू मंकड यांचें उदाहरण पाहण्याजोगें आहे. ते १९५९ सालीं शेवटचा कसोटी सामना खेळले, १९७८ सालीं वारले, आणि वरील २०२१ च्याच तुकडींत कीर्तिमंदिरांत आले. ते कसोटीचे खेळाडू. खिडकींतून ते स्पष्ट दिसत होते. २००९ पासून २०२१ पर्यंत त्यांचें नांव तेथें नव्हतें, ही 'योग्य' अनुपलब्धि होती; तिच्याबद्दल निवडणारांस जाब विचारतां येत होता, आणि त्यांनीं शेवटीं तो दिलाही. बाळूंच्या बाबतींत जाब कोणास विचारावयाचा?

(३)

दुसरें उदाहरण कुस्तीचें. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं कऱ्हाडनजीक गोळेश्वर येथें झाला. वडील स्वतः मल्ल. घरांतच तालमीची परंपरा. कऱ्हाडास शाळा व कोल्हापुरास राजाराम महाविद्यालय, असें त्यांचें शिक्षण झालें. १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्यें ते फ्लायवेट गटांत सहावे आले. मातींत वाढलेल्या मल्लानें गादीवर, परक्या नियमांनीं खेळून मिळविलेलें हें यश कमी नव्हतें. १९५२ सालीं हेलसिंकी येथें बँटमवेट गटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. त्यांस हरविणारे दोघे म्हणजे जपानचे इशी व सोव्हिएट संघाचे मामेदबेकोव्ह. पैकीं पहिल्यानें सुवर्ण व दुसऱ्यानें रौप्य घेतलें. म्हणजे जे दोघे वर बसले त्यांखेरीज कोणीं खाशाबांस हरविलें नाहीं. यानंतर भारतास ऑलिंपिकचें वैयक्तिक पदक मिळावयास १९९६ साल उजाडावें लागलें. आणि कुस्तींतलें दुसरें पदक तर २००८ सालीं आलें.

पदक जिंकून परतल्यावर त्यांची बैलगाड्यांतून मोठी मिरवणूक निघाली. १९५५ सालीं ते पोलिस खात्यांत उपनिरीक्षक म्हणून लागले, त्याच खात्यांत सेवा करून निवृत्त झाले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत वारले. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत मशाल वाहण्याचा मान त्यांस मिळाला होता. पद्म पुरस्कार त्यांच्या हयातींत त्यांस मिळाला नाहीं. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार व केंद्र सरकारचा २००० सालचा अर्जुन पुरस्कार, हे दोन्ही मरणोत्तर. २०१० सालीं दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलांतील कुस्तीच्या सभागृहास त्यांचें नांव देण्यांत आलें.

येथें माप आडवें आलें नाहीं. ऑलिंपिकचें पदक कोणत्याही मापांत बसतें. आडवा आला तो काळ. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ सालीं. त्या पहिल्याच वर्षीं कुस्तीसाठीं तो उदयचंद यांस मिळाला. त्यांनीं त्याच वर्षीं योकोहामा येथील जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें होतें. हा पुरस्कार चालू काळांतील कामगिरीकडे पाहणारा होता. नऊ वर्षांपूर्वींचें पदक त्याच्या नजरेच्या पाठीमागें राहिलें. संस्था जन्मास येते तेव्हां तिची स्मृति त्या दिवसापासून सुरू होते, आणि तत्पूर्वींच्या पिढीस ती अनाहूतपणें अज्ञात ठरविते. दानशासन ज्या तिथीचें, त्याच तिथीपासून हक्क, असा हा न्याय आहे. निवृत्तांसाठीं म्हणून ध्यानचंद पुरस्कार निघाला तो २००२ सालीं. म्हणजे ज्यांस त्याची सर्वांत अधिक गरज होती त्यांपैकीं पुष्कळ जण तोंवर निघून गेले होते. कवठेपिरानचे मारुती माने यांनीं १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत सुवर्ण व रौप्य अशीं दोन पदकें मिळविलीं. त्यांस ध्यानचंद पुरस्कार मिळाला २००५ सालीं.

(४)

तिसरें उदाहरण मुरलीकांत पेटकर यांचें. सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूर हें त्यांचें गांव. ते सैन्यांत जवान होते व मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांस कायमचें अपंगत्व आलें. पुढें ते जलतरणाकडे वळले, आणि १९७२ सालीं पश्चिम जर्मनींतील हायडेलबर्ग येथें भरलेल्या पॅरालिंपिकमध्यें ५० मीटर मुक्त शैलींत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. पॅरालिंपिकमधील भारताचें तें पहिलें सुवर्ण. १९८२ सालीं अर्जुन पुरस्कारासाठीं केलेली आपली मागणी मान्य झाली नाहीं असें त्यांनींच पुढें सांगितलें आहे. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, आणि २०२४ सालचा आजीवन कामगिरीबद्दलचा अर्जुन पुरस्कारही त्यांस देण्यांत आला.

येथें काळ आडवा आला असें म्हणतां येणार नाहीं. अर्जुन पुरस्कार त्यांच्या पदकापूर्वीं अकरा वर्षें चालू होता. माप आडवें आलें असेंही नाहीं. सुवर्णाहून वरचें माप कोणतें? अडचण वर्गाची होती. अपंग सैनिकांच्या खेळांस त्या काळीं उपचाराचें, पुनर्वसनाचें अंग मानीत. 'क्रीडा' या वर्गांत त्यांची गणना मनांतून कोणी करीत नसे. ग्रंथालयांत एखादी पोथी 'वैद्यक' या कपाटांत ठेविली म्हणजे 'काव्य' शोधणारास ती कधींच सांपडत नाहीं, मग तींत उत्तम काव्य कां असेना. पोथी हरवलेली नसते. सूची चुकलेली असते. पेटकरांनीं आपला गौरव स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला हें समाधान. पण पदक व पद्मश्री यांमध्यें ४६ वर्षें गेलीं हें त्या समाधानाशेजारींच लिहून ठेविलें पाहिजे.

(५)

आतां पूर्वपक्षाचा विचार करूं. पहिला पूर्वपक्ष असा : मान हा थोड्यांसच मिळावयाचा; दार सर्वांस उघडें केल्यास त्याची किंमत राहत नाहीं. यावर उत्तर, आम्हीं दार रुंद करा असें म्हटलेलेंच नाहीं. निवडीचें माप कडक असावें, याविषयीं वाद नाहीं. आमची मागणी वेगळी आहे. प्रत्येक मानावलीनें आपल्या आरंभींच आपली मर्यादा लिहून द्यावी : आमची गणना अमक्या सनापासून, आम्ही अमकेच सामने धरितों, अमका वर्ग आमच्या विचाराबाहेर आहे. चांगला संपादक प्रस्तावनेंत कोणत्या प्रती पाहिल्या व कोणत्या मिळाल्या नाहींत हें सांगतो. त्यानें त्याच्या पाठाची किंमत कमी होत नाहीं, वाढते.

दुसरा पूर्वपक्ष : उशिरा कां होईना, मान दिला, आतां अन्याय फिटला, जुनी कैफियत कशाला? हें म्हणणें आम्हांस अधिक धोक्याचें वाटतें. मरणोत्तर मान हें कर्तव्यच आहे. श्राद्ध करूं नये असें कोण म्हणेल? परंतु श्राद्धानें जेवण पोंचतें म्हणून हयातींतली उपासमार घडलीच नव्हती असें ठरत नाहीं. शंभर वर्षांनीं एखादा अभ्यासक 'खाशाबा जाधव, ऑलिंपिक पदक, अर्जुन पुरस्कार' एवढीच ओळ वाचील, आणि तत्कालीन सरकारनें त्यांची कदर तत्काळ केली असें समजेल. उशिरा दिलेला मान तिथीवांचून नोंदला म्हणजे तो उशीरच पुसून टाकतो. म्हणून आमची सूचना अशी कीं, चरित्रकोशांत वा सूचींत खेळाडूची नोंद करतांना कामगिरीचा सन व गौरवाचा सन असे दोन्ही सन जोडीनें द्यावेत. खाशाबा : १९५२, २०००. माने : १९६२, २००५. पेटकर : १९७२, २०१८. या दोन आंकड्यांमधील अंतर हेंच पुष्कळदां त्या नोंदींतील सर्वांत बोलकें साधन ठरेल.

तिसरा इशारा मात्र पूर्वपक्षास नव्हे, आमच्याच पक्षास द्यावयाचा आहे. उपेक्षितांची बाजू घेणारे लेखक कळकळीच्या भरांत क्षेपकें घालतात, आणि पहिलेंच क्षेपक उघडकीस आलें म्हणजे खरा पाठही संशयित ठरतो. खाशाबांचें पदक 'भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक' असें पुष्कळदां छापलें जातें. तें स्वतंत्र भारताचें पहिलें होय. १९०० सालीं पॅरिस येथें नॉर्मन प्रिचर्ड यांनीं मिळविलेलीं दोन रौप्यपदकें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या नोंदींत भारताच्या नांवावर आहेत. 'स्वतंत्र' हा एक शब्द घातल्यानें खाशाबांचें कांहींच उणें होत नाहीं. तसेंच बाळूंचे ११४ बळी हे इंग्लंडच्या दौऱ्यांतील लहानमोठ्या सर्व सामन्यांचे. प्रथम श्रेणीचे त्यांत ७५. जो ११४ हा आंकडा प्रथम श्रेणीचा म्हणून देतो तो आपल्या नायकाचें अहित करितो. हेलसिंकी येथें दोन लढतींमध्यें खाशाबांस नियमाप्रमाणें विश्रांति मिळाली नाहीं व त्यांच्या बाजूनें बोलावयास कोणी अधिकारी नव्हता, ही कथा निरनिराळ्या रूपांनीं सांगितली जाते. ती सांगणारानें त्या स्पर्धेचा अधिकृत अहवाल शेजारीं उघडून ठेवावा. सत्य पुरेसें असतां त्यास पदर जोडण्याची गरज नाहीं.

(६)

शेवटीं, आमच्या वाचकांनीं करावयाचें काय? कीर्तिमंदिराच्या दाराशीं अर्ज घेऊन उभें राहणें हें आमचें काम नव्हे. आमचें काम खोलींत दिवा लावण्याचें. अनुपलब्धि 'योग्य' व्हावयाची तर आधीं प्रकाश पाहिजे, आणि प्रकाश कागदांतून येतो.

आमच्या परंपरेंत मल्लविद्येचें वाङ्मय नाहीं असें नाहीं. चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासां'त मल्लविनोदाचें प्रकरण आहे. ज्येष्ठीमल्लांचें 'मल्लपुराण' बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेंत १९६४ सालीं छापून निघालें. त्यांत मल्लांचे वर्ग, आहार, व्यायाम व डाव हे आले. अमुक मल्ल कोठें जन्मला, कोणाशीं लढला, म्हातारपणीं काय खाऊन जगला, हें चरित्र मात्र त्यांत शोधूं नये. शास्त्र टिकलें, माणूस गेला. अर्वाचीन काळांत हीच गत पुन्हा होऊं द्यावयाची नसेल तर साधनें आतांच जमविलीं पाहिजेत.

हीं साधनें दुर्मिळ नाहींत, दुर्लक्षित आहेत. पालवणकर विठ्ठल यांनीं 'माझें क्रीडाजीवन' हें मराठी आत्मचरित्र १९४८ सालीं प्रसिद्ध केलें. बाळूंच्या अभ्यासास त्यासारखा घरचा साक्षीदार दुसरा नाहीं. रामचंद्र गुहा यांनीं २००२ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत बाळूंचें चरित्र उजेडांत आणलें त्यांतही या पुस्तकाचा आधार घेतलेला आहे. मराठींतला हा ग्रंथ पुष्कळ मराठी वाचकांस इंग्रजीच्या द्वारें कळावा, ही आपल्या संग्रहांविषयीं बरी गोष्ट नव्हे. ज्यांच्याकडे त्याची प्रत असेल त्यांनीं ती जपावी व सूचींत नोंदवावी.

याखेरीज जुन्या जिमखान्यांच्या धावफलकाच्या वह्या, तालमींचीं हजेरीबुकें, जत्रेंतील फडांच्या कुस्त्यांचीं हस्तपत्रकें व इनामाच्या याद्या, संस्थानी दप्तरांतील मल्लांच्या खुराकाचे जमाखर्च, गांवोगांवच्या सत्कारांचीं मानपत्रें, सामन्यांच्या वेळचीं छायाचित्रें, हीं सर्व आमच्या संग्रहाचीच बाब होय. एक उदाहरण देतों. खाशाबांस हेलसिंकीस पाठविण्यासाठीं राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असें चरित्रकार लिहितात. ही गोष्ट आज कथा म्हणून सांगितली जाते. परंतु गहाण म्हटलें कीं गहाणखत आलें, आणि गहाणखत म्हटलें कीं नोंदणीचें दप्तर आलें. दोनशें वर्षांपूर्वींचीं गहाणखतें धुंडाळून काढणारास पाऊणशें वर्षांपूर्वींचें दप्तर पाहणें अवघड नाहीं. तो कागद हातीं आला तर एका शिक्षकाच्या औदार्याची कथा इतिहास होईल. आणि ज्या मल्लास पदक मिळविण्यासाठीं दुसऱ्याचें घर गहाण पडावें लागलें, त्याच्या काळाची साक्षही त्यांत राहील.

कीर्तिमंदिरें बांधणारे बांधोत. त्यांत कोणाचा पुतळा बसवावा हें तेच ठरवोत. त्यांच्या यादीस आम्ही एक उत्तरकालीन, कांहीं हेतूनें लिहिलेला, उपयुक्त पण अपुरा कागद मानूं, आणि मूळ कागदांशीं ताडून पाहिल्यावांचून तीवरून कोणाचीही थोरवी वा क्षुद्रता ठरविणार नाहीं. ज्याचें नांव तेथें नाहीं त्याच्याविषयीं पहिला प्रश्न 'तो कमी कोठें पडला?' हा नसून 'यादी कोठपर्यंत पोंचली?' हा असावा. इत्यलम्.